पन्नाशीत पुन्हा मोटारसायकल: हप्ता, वजन आणि सोलापूरचं ऊन

मोटारसायकल परत घ्यायचं मनात आलं तेव्हा घरात कुणीच विरोध केला नाही. विरोध झाला असता तर बरं झालं असतं, निदान काही महिने रुसण्यात निघाले असते. बायको भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "घ्या की. फक्त हप्ता कुठनं जाणार ते आधी दाखवा." मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. दुसऱ्याच्या पै-पैचा ताळेबंद लावणाऱ्या माणसाला हा प्रश्न टाळून पुढे सरकता येत नाही.

आधी वडिलांची येझदी होती. कॉलेजपासून लेक होईपर्यंत तीच चालवली. पेट्रोलमध्ये मापून ऑइल घालायचं, मागे निळसर धूर सोडायचा आणि बंद पडली की डाव्या बाजूचा तोच एक दांडा किक म्हणूनही मारायचा आणि गिअर म्हणूनही वापरायचा. मग लहान मूल, मग चारचाकी, बायकोची स्कूटर, आणि गिअरच्या गाडीशी संबंध सुटला तो सुटलाच. आता लेक कॉलेजात, माझी पन्नाशी गाठलेली. दर रविवारी तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट अशा पन्नास किलोमीटरच्या आतल्या चकरा आणि वर्षातून दोन-तीनदा पुण्याला बहिणीकडे, एवढीच गरज. त्यासाठी १०० सीसीची गाडी पुरते, हे मलाही कळतं. पण अडीचशे किलोमीटरच्या पुणे रस्त्यावर शेजारून ट्रक गेला की अंग चोरणारी गाडी नको होती, आणि फार मोठीही नको. म्हणून ३५०-४०० सीसी.

पैशाची तालीम आम्ही गाडी बघायच्या आधीच सुरू केली. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या आसपास, पतसंस्थेत साडेपाच हजारांची आवर्ती ठेव उघडली. आकडा असा काढला: एक लाख वीस हजारांचं कर्ज, तीन वर्षं, ११ टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे हप्ता ३,९२९ रुपये. महिन्याला पाचशे किलोमीटर फिरलो आणि ३५ चं ॲव्हरेज धरलं तर चौदा-पंधरा लिटर पेट्रोल, शंभराच्या वर भाव, म्हणजे दीड हजार. गाडी नसताना गाडीचा खर्च भरत राहायचा. झेपलं तर पैसे साठतात आणि डाऊन पेमेंटला येतात, नाही झेपलं तर गाडी न घेताच कळतं. पहिले महिने काही वाटलं नाही. जूनमध्ये लेकीची फी, पुस्तकं आणि घराच्या गच्चीचं गळतं एकदमच आलं, आणि ठेवीचा हप्ता भरताना घाम फुटला. त्या महिन्यानेच ठरवलं की कर्ज एक लाख वीस हजारांच्या पुढे जाणार नाही, कुणी कितीही गोड बोललं तरी. उरलेल्यासाठी कारखान्यातली भिशी होती, माझा नंबर सप्टेंबरात होता.

गाडी निवडायचा पहिला धडा मात्र शोरूममध्ये नाही, अशोक चौकातल्या एका मिस्त्रीकडे मिळाला. आमच्या येझदीचं कार्ब्युरेटर यांच्याच हातचं असायचं. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. मी मोबाईलवर हॉर्सपॉवरचे आकडे दाखवायला लागलो तर त्यांनी मान वर न करता विचारलं, "मालक, पळवून कशाला बघताव? ढकलून बघा की."

मग त्यांनी दाखवलं ते मी कुठल्याच जाहिरातीत पाहिलं नव्हतं. गॅरेजच्या कोपऱ्यात त्यांची स्वतःची जुनी बुलेट होती. खाली गोणपाट पसरून ती त्यांनी उजव्या अंगावर आडवी केली आणि म्हणाले, उचला. मी हँडल धरून सरळ ओढायला गेलो. गाडी इंचभर हलली, कंबर मात्र चांगलीच बोलली. अण्णांनी बाजूला केलं. आधी डाव्या बाजूचा साइड स्टँड बाहेर काढून ठेवला, म्हणजे गाडी उभी राहून पलीकडे पडणार नाही. गिअरमध्ये टाकली, म्हणजे चाक फिरणार नाही. हँडल पूर्ण वळवलं. मग गाडीकडे पाठ करून सीटला ढुंगण टेकवून बसले, एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा मागच्या कडीला, आणि पाठ ताठ ठेवून पायांनी रेटत बारीक बारीक पावलं मागे टाकत गेले. गाडी उभी. वयाने ते माझ्यापेक्षा मोठे आहेत. नंतर मलाही जमलं, पण दुसऱ्या दिवशी मांड्यांनी हजेरी लावली. तुम्ही बऱ्याच वर्षांनी परत गाडीवर बसणार असाल तर हे कुणाकडून तरी शिकून घ्याच. पडणार नाही असं धरून वजन निवडू नये.

त्यानंतर मी कंपन्यांचे कागद वेगळ्या नजरेने वाचायला लागलो. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो, सीटची उंची ८०५ मिलिमीटर. होंडाची हायनेस १८१ किलो, सीट ८००. एनफील्डचीच मीटिओर १९१, पण सीट खाली, ७६५. त्यांचीच हंटर १८१ आणि ७९०. ट्रायम्फची स्पीड ४०० तर १७६ किलोच, आणि ताकद ४० पीएस, बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट. माझी उंची पाच फूट चार इंच. कागदावर चौदा किलोचा फरक म्हणजे तांदळाचं एक पोतंही नाही. पण जुळे सोलापुरात आमच्या घराला जिन्याखाली पार्किंग आहे, रस्त्यावर उतरायला आखूड, उभा रॅम्प आहे, आणि रोज सकाळी गाडी तिथून मागे ओढून काढायची आहे. ढकलताना ते चौदा किलो कुठे असतात तेही महत्त्वाचं: वर टाकीत, का खाली इंजिनात.

म्हणून शोरूममध्ये माझी मागणी ऐकून पोरं गोंधळायची. ट्रायल राइड म्हटलं की ते हेल्मेट आणि चावी देतात आणि हायवेकडे बोट दाखवतात. मी आधी इंजिन बंद ठेवून गाडी फुटपाथच्या उतारावरून मागे ओढून बघायचो. मग बसून दोन्ही टाचा टेकतात का फक्त चवडे. मग चालू करून फर्स्ट गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने, जेवढ्या जागेत जमेल तेवढ्यात यू टर्न. सरळ रस्त्यावर ऐंशीने कुठलीही गाडी शहाणी वाटते. सात रस्ता चौकात सिग्नल सुटल्यावर रिक्षा डावीकडून घुसते आणि समोर कुणीतरी उलट्या दिशेने येतो, तेव्हा तुमची आणि गाडीची खरी ओळख होते.

दुसरी मागणी वेळेची. ट्रायल दुपारी दोनलाच द्या. मे महिना होता, पारा बेचाळीसच्या वर. सकाळी साडेदहाला एसी शोरूममधून निघून थंड इंजिनावर चक्कर मारली तर सगळंच छान लागतं. दुपारी विजापूर रोडने सैफुलपर्यंत जाऊन परत सिग्नलला थांबत आलं की मांडीच्या आतल्या बाजूला काय लागतं, क्लच किती जड होतो, हे कळतं. एअर-कूल्ड इंजिन सगळीकडून सावकाश तापतं. रेडिएटरवाल्याचा पंखा मधेच सुरू होतो आणि गरम झोत एका जागी येतो. कुठलं बरं हे ज्याचं त्याने ठरवावं, माझ्या पायांना पहिलं चाललं. आपल्याकडे वर्षातले चार महिने हाच हंगाम असतो, त्यामुळे उन्हाळ्याला फुटकळ मुद्दा समजू नये.

स्पीड ४०० चालवून मात्र मी मनातून हललो. थ्रॉटल जरा फिरवला आणि वीस-बावीस वर्षांचा झालो. घरी येऊन वहीत मांडणी केली. चौपदरी महामार्गावर दुचाकीला वेगमर्यादा ताशी ८० आहे. ऐंशीला वीस बीएचपीचं ३४९ सीसी इंजिनही निवांत असतं. राहिलेली वीस घोड्यांची ताकद मी कुठे वापरणार होतो? शिवाय नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. १५० ते ३५० सीसीला तो तेव्हा ७,३६५ रुपये होता आणि ३५० च्या वर गेलं की १५,११७. (दोन्ही आकडे जीएसटी सोडून.) इंजिनात जेमतेम पन्नास सीसी जास्त आणि विमा दुपटीहून जास्त. तरीही मन हलत नव्हतं, खरं सांगायचं तर.

ते काम सरकारने केलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्याच दिवसापासून ३५० च्या वरच्यांवर, जिथे सेस धरून ३१ टक्के होता, तिथे ४० टक्के लागू झाला. दीड लाख मूळ किमतीची गाडी १,९२,००० ऐवजी १,७७,००० ला. उलट एक लाख ऐंशी हजार मूळ किमतीची, २,३५,८०० वरून २,५२,००० वर, कंपनीने काही भार स्वतःवर घेतला नाही तर. माझी तालीम चालू होती म्हणून मी तोवर थांबलेला होतो. उन्हाळ्यातच घेतली असती तर पंधरा हजार जास्त गेले असते. यात माझं शहाणपण काही नाही, भिशीचा नंबर सप्टेंबरात होता एवढंच.

मधल्या काळात सेकंड हँडही पाहिल्या. दोन-तीन वर्षं जुनी ३५० सीसी दीड लाखाच्या आत मिळते, मोह होतोच. एक गाडी भवानी पेठेत बघितली. मीटरवर नऊ हजार किलोमीटर, मालक सांगतो घरातच उभी असते. गाडी पुसून लख्ख. अण्णांना बरोबर नेलं होतं. त्यांनी आधी इंजिनला हात लावला: गरम. आम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलेली, म्हणजे थंड असताना ती कशी सुरू होते ते लपलं. मग खाली बसून मागच्या टायरच्या भिंतीवरचे चार आकडे मला वाचायला लावले. त्यातले पहिले दोन म्हणजे आठवडा आणि नंतरचे दोन म्हणजे वर्ष. टायर गाडीपेक्षा दोन वर्षांनी धाकटा निघाला. नऊ हजारांत कुणाचा मागचा टायर जातो? पुढच्या डिस्कच्या कडेला नखाने जाणवेल इतकी वर आलेली किनार, ब्रेकच्या पायपट्टीचं रबर मधोमध गुळगुळीत. अण्णा काहीच बोलले नाहीत, चहा घेतला आणि निघालो. अजून एक: त्याच सप्टेंबरात सीनेला मोठा पूर आला, लांबोटीजवळ पुणे महामार्गावरची वाहतूक थांबली होती. आमच्या कारखान्यातल्या नदीकाठच्या गावांमधल्या कामगारांच्या कितीतरी दुचाक्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून महिन्या-दोन महिन्यांनी बाजारात येतात. सीट काढून एअर फिल्टरच्या डब्यात आणि वायरिंगच्या जोडांत वाळलेला गाळ बघा. आरसी, बाकी चलन, बँकेचा बोजा उतरलाय का, चॅसिस नंबर जुळतो का, हे तर बघतोच आपण.

गाडी शेवटी हंटर ठरली. लेक खो खो हसली. "बाबा, ती आमच्या कॉलेजच्या पोरांची गाडी आहे." असेल. क्लासिक दिसायला माझ्या वयाला शोभते, हे मान्य. पण आखूड गाडी, सतरा इंची चाकं, रॅम्पवरून मी ती एका दमात मागे ओढू शकतो, आणि आमच्या गल्लीत एका फेरीत वळते. सगळ्यात स्वस्त मॉडेल तारांच्या चाकांचं, ट्यूबवालं, मागे ड्रम ब्रेक आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) फक्त पुढच्या चाकाला. त्याच्या वरचं अलॉय, ट्यूबलेस, दोन्ही चाकांना डिस्क आणि एबीएस. फरकाचे पैसे मी डोळे मिटून दिले. तामलवाडीच्या पुढे उन्हात ट्यूब पंक्चर झाली की चाक खोलायला मिस्त्री शोधत फिरावं लागतं. ट्यूबलेसला खिळा तसाच ठेवून हवा भरत घर गाठता येतं.

कोटेशनवर एक्स-शोरूम पावणेदोन लाखांच्या आत, त्यावर आपल्या राज्याचा ३०० सीसीच्या वरच्या दुचाकींचा १२ टक्के एकरकमी रस्ता कर, विमा, नोंदणी, नंबर प्लेट. दोन लाखांच्या जरा आत बसली. ॲक्सेसरीज, कोटिंग, वाढीव वॉरंटी या ओळी कोटेशनवर असतातच. एकेका ओळीवर बोट ठेवून "ही सक्तीची आहे का?" एवढंच विचारायचं. विमाही तिथूनच घ्यायला हवा असा नियम नाही, बाहेरचा दर काढून नेला की बोलणं सोपं जातं.

आणि कर्ज. इथे माझ्या धंद्याचा उपयोग झाला. एका फायनान्सवाल्याचा मुलगा म्हणाला, "सर, बँक तुम्हाला ११ टक्के लावते, आमच्याकडे फक्त ७." हे सात म्हणजे फ्लॅट. एक लाख वीस हजारांवर वर्षाला ८,४००, तीन वर्षांचं व्याज २५,२००, हप्ता ४,०३३. बँकेचा ११ टक्के घटत्या शिलकीवर, हप्ता ३,९२९, तीन वर्षांचं एकूण व्याज एकवीस हजार चारशेच्या आसपास. म्हणजे सातवाला अकरावाल्यापेक्षा महाग. फ्लॅटमध्ये तुम्ही निम्मं मुद्दल फेडलं तरी व्याज पूर्ण मुद्दलावर चालूच राहतं, त्या ७ चा खरा दर पडतो १२.८ टक्के. टक्केवारीवर वाद घालत बसू नका. हप्ता गुणिले महिने, वजा घेतलेली रक्कम, अधिक प्रोसेसिंग फी. हा एकच आकडा दोन्हीकडून लिहून घ्या. आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती, तेही. मी बँकेकडे गेलो. ठेव, भिशी आणि थोडं सणाचं बोनस मिळून डाऊन पेमेंट झालं, दागिन्यांना हात लावावा लागला नाही. बायकोने ती वही पाहून सही केल्यासारखी मान हलवली.

लायसन्स चारचाकीमुळे वेळच्या वेळी नव्याने झालेलं होतं. तुमचं नसेल तर आधी कार्ड काढून बघा: मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. गिअरच्या दुचाकीची नोंद कार्डावर आहे ना, हेही बघा.

हेल्मेट, हातमोजे, जाळीचं जॅकेट आणि घोट्यापर्यंतचे बूट यांना मी गाडीच्या किमतीतच धरलं होतं, पंधरा हजार. जाळीचं अशासाठी की सोलापुरात बंद जॅकेट आठवड्यात खुंटीवर जातं. हेल्मेटवर आयएसआय खूण तर हवीच, पण डोक्यावर अर्धा तास दुकानातच घालून बसा. माझ्या कपाळावर पहिल्या हेल्मेटने लाल वळ उठवला, तो दुकानदाराने पाहिला आणि न कुरकुरता एक माप मोठं दिलं. पहिल्यांदा जॅकेट घालून निघालो तर शेजारचे काका गेटवरून ओरडले, "काय मालक, लडाखला का?"

गाडी दिवाळीच्या तोंडावर आली, एमएच-१३ पाटीची. पहिले रविवार एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यांवर घालवले. येझदीच्या सवयी पायात मुरलेल्या होत्या. टू स्ट्रोकला थ्रॉटल सोडला तरी गाडी वाहत जाते. ही मात्र सोडला की मागे खेचते, त्यामुळे वळणात शिरताना सुरुवातीला उगाच हळू व्हायचो. सिग्नलला बंद पडली तर डावा पाय आपोआप किक शोधायला जाई. आणि पुढचा ब्रेक: ड्रमच्या काळात आम्ही मागचाच दाबायचो. आता तीसच्या वेगाने जाऊन पुढचा जोरात दाबायचा, मग चाळीस, मग पन्नास, असा सराव केला. एबीएस लागतं तेव्हा दांडा बोटांखाली कुरकुरतो. ही कुरकुर आधी ओळखीची झालेली बरी, नाहीतर ऐन वेळी माणूस दचकून हात सैल सोडतो. सरावानंतरच तुळजापूर केलं, हिप्परग्याच्या तलावाजवळ थांबून, घाई न करता. पुणे अजून बाकी आहे.

सध्या घरात वाद आहे तो मागच्या माणसाचा. बायको साडी नेसून एका बाजूला बसते, तिला दोन्ही पाय टेकतील अशी आडवी पायपट्टी आणि पाठीला आधार हवा. अण्णा म्हणतात पायपट्टी ते बसवून देतील, साडी गार्डला लागूनच, पण पाठीचा आधार लावला की रॅम्पवरून मागे ओढताना हात अडतो. मला हात हवा, तिला पाठ हवी. अक्कलकोटला जायच्या आत काहीतरी ठरवावं लागेल, कारण तिने स्पष्ट सांगितलंय की तोवर ती एसटीने येईल आणि मी गाडी घेऊन मागून यावं.